डिकीवर दोन थापा

भैरवनाथ सहकारी खरेदी-विक्री संघ,
वडवणी, जि. बीड
९ जानेवारी १९८७

श्री. धोंडीराम मिस्त्री, शिरूर कासार, यांस,

संघाचे अध्यक्ष मा. आप्पाराव यांच्या आज्ञेवरून लिहितो. येत्या पाडव्यास संघाला पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. साल दुष्काळाचे, त्यामुळे थाटमाट नाही. अध्यक्षसाहेबांनी संघाच्या पहिल्या गाडीतून, म्हणजे आपण चालवत होता त्या अँबेसिडरमधून, मांडवापर्यंत यावे एवढेच ठरले आहे.

गाडी खताच्या गोदामात उभी असते. दसऱ्याला ढकलून बाहेर काढतो, झेंडूचा हार घालतो, पुन्हा ढकलून आत नेतो. आता इंजिन सुरू होते, पण गिअर पडत नाही, नुसती करकर होते. बीडचा मिस्त्री म्हणतो, स्टिअरिंगजवळच्या दांडीचा हा गिअर आता कुणाला कळत नाही, काढून खालचा बसवा. साहेबांना ते मान्य नाही. या गाडीचा गिअर आपल्याइतका कुणास ठाऊक नाही, तरी येऊन जावे.

माणिकराव, कारकून


शिरूर कासार
१७ जानेवारी १९८७

आप्पासायेब,

तुमच्या कारकुनाचं पत्र पोचलं. चौदा वर्षांत तुमच्याकडनं आलेला हा पहिला कागद. मी औरंगाबादच्या जेलात दीड वर्ष रोज दुपारी टपालाची वाट बघायचो, तवा तुमच्या संघाची शाई वाळली होती काय कुणास ठाऊक. आता गिअर अडकला तर आठवण झाली. चालायचंच. गरज सरो अन् वैद्य मरो म्हणतात, तसा तुमचा वैद्य मेला न्हाई एवढीच चूक झाली.

मी येणार न्हाई. संघाच्या फाटकात पाय ठेवणार न्हाई अशी आण घेतलेली हाय. पण गाडीचा काय गुन्हा? नऊ वर्षं तिला मी लेकरावाणी वापरली. तेव्हा पत्रानं सांगतो.

गिअर खराब झालेला न्हाई. गाडी वापरात नसली की क्लचची प्लेट गंजून आतल्या चाकाला चिकटून बसती. मंग क्लच कितीबी दाबा, ती सुटत न्हाई अन् गिअर करकरतो. मागली दोन्ही चाकं जॅकवर अधर उचला. इंजिन बंद असताना चौथा गिअर टाका, अन् मंग चालू करा. चाकं हवेत फिरू द्या पाच मिनिटं. मंग क्लच पुरा दाबून धरायचा अन् करकचून ब्रेक मारायचा. प्लेट सुटली की टक् असा आवाज येतो. न सुटली तर परत. घाई करायची न्हाई. तुमाला घाई झाली की काय होतं ते आपल्या दोघांना ठाऊक हाय.

एक शर्त. इथून पुढं कारकुनाच्या हातानं लिहू नका. माणिकरावाला गिअरमधलं ढिम्म कळत न्हाई, तो करकर म्हणतो ती कसली करकर मला काय उमगणार. सोता लिहा. न्हाईतर मी उत्तर देणार न्हाई.

धोंडीराम


वडवणी
२६ जानेवारी १९८७

चि. धोंडीराम यास आशीर्वाद.

सुटला की रे क्लच! तिसऱ्या खेपेला टक् झालं. गोदामातले हमाल टाळ्या वाजवायला लागले. तुझ्या हाताला गुण आहे हे मी तेव्हाही म्हणत होतो. घे, माझ्या हातचं पत्र पाहिजे होतं ना, लिहितो. अक्षर आता थोडं थरथरतं.

पण नवीनच खेकटं निघालं. सटवा म्हणून नवा ड्रायव्हर ठेवलाय. त्याने पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला, तर गाडी निघाली मागे. युरियाची चार पोती फुटली. पुन्हा टाकला, तर बरोबर पुढे. तिसऱ्यांदा पुन्हा मागे. सटवा घाबरला, म्हणतो गाडीत काहीतरी आहे. त्याला म्हटलं, गाडीत काही नाही, दांडीच तशी आहे.

तू येऊन जा, हट्ट सोड. जुनं किती दिवस धरून बसायचं? तुला जेलमध्ये पत्र गेलं नाही, कारण संघाच्या अध्यक्षाने कैद्याला पत्र लिहिलेलं कुणाच्या हाती लागलं असतं तर बोभाटा झाला असता. आणि त्या बाईच्या पोरीचं म्हणशील तर मी विषय काढला होता. पण सहकारात एकट्याच्या मनाने काही होत नाही, ठराव लागतो. ठराव मंजूर झाला नाही. पोरगी ऊसतोडीला गेली, तिच्या नशिबात ते होतं.

दांडीचं काय ते कळव.

आप्पाराव


शिरूर कासार
३१ जानेवारी १९८७

मालनबाई,

पाठीमागं नाव बघून हे पाकीट चुलीत घालशील हे मला म्हाईत हाय. घालायच्या आधी एकदा वाच. तुला चौथीपर्यंत शाळा झाली हाय, अन् वाचता येतं हे मी तुज्या ज्ञानोबामामाकडनं ऐकलं.

तुजी आई सुंदरबाई मी मारली न्हाई.

हे चौदा वर्षांत मी कुणाला बोललो न्हाई. बाजारात तू मला बघून थुंकलीस तवाबी न्हाई. आता सांगतो. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात वडवणीच्या रस्त्याला खडी फोडायचं दुष्काळी केंद्र होतं. झाड न्हाई, झुडूप न्हाई. दुपारच्या सुट्टीत बाया कुठं टेकायच्या? आप्पासायबाची गाडी आली की तिच्या सावलीला. मला ते ठाऊक होतं म्हणून गाडी काढायच्या आधी मी मागनं फिरून यायचो, डिकीवर दोन थापा मारायचो अन् म्हणायचो, उठा गं मायांनो, गाडी निघाली. मंगच चावी लावायचो. नऊ वर्षांत एक दिवस चुकलो न्हाई.

त्या दिवशी रेडिएटर तापला होता. मी कॅन घेऊन टँकरकडं गेलतो. टँकरवाला पाणी देईना, मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो. तू तिथंच रांगेत होतीस, घागर घेऊन, तुजं ध्यान पाण्याकडं. फ्रॉक फाटका होता तुजा. आप्पासायबाला उशीर होत होता, पाहुणे यायचे होते. ते महिनाभर पहाटे गुपचूप माज्याकडनं गाडी शिकत होते. सोता बसले. पहिला म्हणून टाकला, पडला रिव्हर्स. तुजी आई गाडीच्या मागं पाय लांब करून बसली होती.

मी पळत आलो तवा ते खाली उतरले होते. चावी माज्या हातात दिली. म्हणाले, धोंडीराम, मी आत गेलो तर संघ बुडतो, उद्यापासनं चारा बंद, रेशनची मिलो ज्वारी बंद, सारा टापू उपाशी मरंल. तू डायवर हायस, तुला थोडक्यात सुटका. पोरीचा जिम्मा संघाचा, शाळेपासनं लग्नापर्यंत. कोर्टात त्यांनी शपथेवर सांगितलं, मला गाडी चालवताच येत न्हाई. मी मान डोलावली.

सुटून आलो त्या दिवशी तू ऊसतोडीवरनं परत येत होतीस, डोक्यावर बोचकं. बारा वर्षांची. त्या दिवसापासनं माज्या पोटात जे पेटलं हाय ते इझलं न्हाई. मला त्या माणसाचा सूड घ्यायचाय, मालन. चाकू-सुऱ्याचा न्हाई. त्याचं नाव त्याच्या तोंडासमोर धुळीत पडलेलं मला बघायचंय.

आता त्याची गाडी अडली हाय, अन् त्याला माझी गरज हाय.

धोंडीराम


वडवणी, पाझर तलावाचं काम
१० फेब्रुवारी १९८७

धोंडीराम डायवर यास,

जयभीम. पत्र वाचलं, मंग चुलीत घातलं.

कोर्टात एक बोललात, आता एक बोलताय. खोटं बोललेल्या माणसाच्या खऱ्याला काय वजन? मला दहाव्या वर्षापासनं समद्यांनी काही ना काही सांगितलंय. सांगणं फुकट असतंय.

तो माणूस त्याच्या हातानं लिहून देतोय का बघा. दिलं तर मला पाठवा. न्हाईतर परत माझं नाव पाकिटावर घालू नका.

सुंदरबाईची लेक


शिरूर कासार
१४ फेब्रुवारी १९८७

आप्पासायेब,

दांडीचं दुखणं जुनं हाय. गिअरची दांडी जिथं खाली सांध्याला जोडती तिथं पितळेचा बूश असतो, कड्यासारखा. तो झिजला की दांडीला ढील येतो. पहिल्याला ओढायची अन् रिव्हर्सला ओढायची जागा शेजारी शेजारी, मंग हात जरा जड पडला की एकाच्या जागी दुसरा. मी हात हलका ठेवून ओढायचो अन् क्लच अर्धा सोडून गाडी कुठं सरकती ते बघायचो. म्हणून माज्या हाताला कधी चुकली न्हाई. सटवाला ते कुठनं जमणार.

हा बूश बाजारात मिळत न्हाई. मी लेथवर करून देतो. पण बूश दोन असतात, वरला अन् खालला. कुठला झिजलाय ते हितं बसून कळायचं तर मला दोन गोष्टी लागतील. पहिली, हे दुखणं पहिल्यांदा कवा झालं. दुसरी, त्या वक्ताला दांडी कशी ओढली होती, अन् कुणाच्या हातात होती. सटवा तर आत्ता आला. त्याच्या आधी कुणाच्या हाताला झालं असंल तर ते सविस्तर लिहा. चुकीचा बूश बसवला तर गाडी पाडव्याला मांडवात मागनं घुसंल अन् पाहुणे मंडळींच्या खुर्च्या मोडंल. मंग मला नावं ठेवू नका.

धोंडीराम


वडवणी
२३ फेब्रुवारी १९८७

चि. धोंडीराम यास,

तुला गाडी दुरुस्त करायची आहे का पंचनामा? बूश मागितला, तू इतिहास मागतोस. दोन्ही बूश करून पाठव, म्हणजे झालं.

इकडे पाण्याचे हाल आहेत. विहिरी आटल्या. चारा डेपोवर रोज भांडणं. अशात पाडव्याचा कार्यक्रम करू नये म्हणणारेही आहेत, पण लोकांना दिसलं पाहिजे की बहात्तरला ज्याने हा टापू जगवला तोच माणूस आजही उभा आहे. मानपत्रात तशीच ओळ घातली आहे. नारायणगडाच्या दर्शनालाही त्याच गाडीने जावं म्हणतो.

लवकर कर.

आप्पाराव


शिरूर कासार
२८ फेब्रुवारी १९८७

आप्पासायेब,

दोन्ही बदलले तर दांडी आवळून बसंल अन् एकबी गिअर पडायचा न्हाई. मी वीस वर्षं हेच करतोय. पटत न्हाई तर बीडच्या मिस्त्रीकडं जा.

आता तुमी पंचनाम्याची गोष्ट काढलीच हाय तर मीबी मनातलं बोलतो. रागावू नका. इतकी वर्षं मी असं धरून चाललो की त्या दिवशी माणसाची चूक झाली. पण सटवाची गोष्ट वाचली अन् माजं डोकं चक्रावलं. तीच गाडी, तीच दांडी, पहिला टाकला अन् मागं गेली. म्हणजे बूश त्याच वक्ताला झिजलेला असंल तर ती कुणा माणसाची चूकच न्हाई. लोखंडाचा दोष. मी डायवर, मला तो आधी दिसायला पाहिजे होता, म्हणजे झाला तर दोष माझाच. असं असंल तर मी आजपातुर ज्याला मनात शिव्या दिल्या त्याला उगाच दिल्या.

तुमचं वय आता सत्तरीच्या पुढं. माझीबी साठी आली. झोप तुमालाबी येत नसंल. दांडी कशी ओढली, किती ओढली, हाताला काय लागलं, एवढं लिहा. मी बूश बघून सांगतो, लोखंडाचा दोष होता का न्हाई. तुमाला अन् मला दोघांनाबी ते कळलं पाहिजे.

धोंडीराम


वडवणी
८ मार्च १९८७

प्रिय धोंडीराम,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. घरात कुणाला दाखवलं नाही.

तू म्हणालास तेच मी चौदा वर्षं स्वतःला सांगत आलो आहे, पण माझ्या म्हणण्याला आधार नव्हता. तू गाडीचा माणूस आहेस, तू म्हणालास म्हणून लिहितो.

मी पहिलाच टाकला होता. देवाशपथ सांगतो. तू शिकवलं होतंस तशी दांडी आपल्याकडे ओढून वर केली. हाताला खट्ट लागलं, मला वाटलं बसला. थोडी जास्त ओढली गेली असेल, उन्हाने दांडी तापलेली होती, हात भाजत होता, म्हणून झटका दिला. क्लच सोडला तर गाडी मागे. आधी वाटलं खडीच्या ढिगाला लागली. मग बाया ओरडल्या. ब्रेक मी लगेच मारला, पण लगेच म्हणजे किती ते आता सांगता येत नाही. तर बूश त्र्याहत्तरपासूनच गेलेला होता, हे नक्की धर आणि त्या हिशेबाने कर.

आणखी एक लिहितो. तू मला दांडी शिकवलीस, क्लच शिकवलास, चढावर गाडी कशी धरायची ते शिकवलंस. पण मागे बाया बसतात, निघताना उठवाव्या लागतात, हे मला सांगितलं नाहीस. ते तुझं काम होतं. मी पुढून चढायचो, पुढून उतरायचो. गाडीच्या मागे काय असतं ते मला कधी बघावं लागलं नाही. तू एकदा सांगितलं असतंस तर ती बाई वाचली असती. म्हणून कोर्टात मी जे बोललो त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. संघ वाचला, माणसं जगली. एका माणसाच्या दीड वर्षात एवढं झालं असेल तर तो सौदा वाईट नव्हता.

पाडव्याच्या आत बूश पाठव. मन हलकं झालं.

आप्पाराव


शिरूर कासार
१६ मार्च १९८७

मालनबाई,

तू मागितलं होतंस ते सोबत हाय. त्याच्या हातचं, त्याच्या सहीचं, संघाच्या छापील कागदावर. रजिस्टर करून पाठवतोय. अस्सल हाय, जपून ठेव.

त्याला म्या बूश दोन असतात म्हणून सांगितलं. बूश एकच असतो. गाडी धड शिकला असता तर त्याला कळलं असतं. पण मोठ्या माणसाला अर्धं शिकूनच पुरतं. त्याला सूट पाहिजे होती, कुणीतरी म्हणावं की तुजा दोष न्हाई. मी तेवढा तुकडा टाकला अन् आला धावत. पत्र हातात पडलं तवा मी गॅरेजच्या लिंबाखाली बसून हसलो, खोटं कशाला सांगू. चौदा वर्षांत असा हसलो न्हवतो.

मंग ते मागनं बाया बसतात ते वाक्य वाचलं अन् हसू गेलं. त्याचं हलकटपण हायच. पण ते खरंबी हाय. माझ्या हाताला ती सवय होती, शिकवायचं माज्या ध्यानातच आलं न्हाई. ते वाक्य मला चावतंय. तुला सांगून ठेवतो.

गाडीशी मात्र मी बेइमानी केली न्हाई. बूश चोख करून दिला, गाडी पाडव्याला मांडवात तोंडानं जाईल. जाऊ दे. त्याला गाडीनं पाडायचं न्हाई मला. त्याच्या अक्षरानं पाडायचंय.

पाडव्याला टापूतला एकूण एक माणूस तिथं असंल. पुढचं तुज्या मर्जीवर. मी हितं लिंबाखाली बसून कान देऊन राहीन.

धोंडीराम


वडवणी, पाझर तलावाचं काम
३ एप्रिल १९८७

धोंडीराम डायवर यास,

जयभीम. पाडवा झाला. कसा झाला ते सांगते, मंग माजं काय ते सांगते.

गाडी दहाला आली. पुढनं हार, मागनं हार, सटवा डायवर नवी टोपी घालून. आप्पाराव मागल्या सीटवर हात जोडून. गिअर मस्त पडत होता, तुमचं काम चांगलं झालंय. गाडी मांडवाच्या बाहेर उन्हात उभी केली. आत भाषणं सुरू झाली. बहात्तरला टापू कुणी जगवला ते पाच-सहा जणांनी सांगितलं.

आमी तलावावरनं सुट्टी झाली तशा आलो. चाळीस बाया. आमच्यातली छबुबाई तुमच्या खडी केंद्रावर होती, आईच्या शेजारी बसलेली, पाय ओढून घेतला म्हणून वाचलेली. तिला म्या आदल्या दिवशी पत्र वाचून दाखवलं होतं. म्हणाली, गाडीत कोण बसलं ते मागनं दिसलंच न्हवतं. पाडव्याला तीच सगळ्यांच्या आधी गेली अन् गाडीच्या मागं पाय लांब करून बसली. मंग आमी बसलो. मागं, पुढं, दोन्ही अंगाला. सावली वीतभर अन् बाया चाळीस. भाकरी सोडल्या, खायाला लागलो.

सभा सुटली. आप्पाराव मानपत्र घेऊन आले. सटवा म्हणाला, उठा बायांनो. कोण उठतंय? मी उभी राहिले अन् पत्र वाचलं. अडखळत वाचलं, जोडाक्षरं येत न्हाईत मला. पण मोठ्यानं वाचलं. पहिलाच टाकला होता इथपासनं. सौदा वाईट नव्हता इथपर्यंत. पाहुणे ऐकत होते, चारा डेपोवर भांडणारे ऐकत होते. आप्पाराव म्हणाले, हे खोटं हाय. मी कागद वर धरला. माणिकराव कारकुनानं लांबनं बघितलं अन् मान खाली घातली. त्याला अक्षर ओळखीचं.

मंग सटवा पुढं आला. खिशातनं चावी काढली अन् आप्पारावच्या हातात ठेवली. म्हणाला, घ्या सायेब, तुमाला येतंय की चालवाया.

ते चावी घेऊन उभे राहिले. गाडीच्या मागं काय हाय ते त्यांनी पहिल्यांदा बघितलं असंल. चालवायची हिंमत झाली न्हाई. गळ्यात हार तसाच, उन्हात पायी घरी गेले. बरोबर कुणी गेलं न्हाई. काल संघाची सभा भरली, म्हणे राजीनामा मागितलाय.

तुमचा सूड झाला. आता माझं ऐका.

लोक मला इचारत होते, अन् तो डायवर कुठं हाय? काय सांगू? लिंबाखाली बसून कान देतोय? तुमी टापू जगवायला गप बसलात. आईच्या बदल्यात चारा, असा सौदा तुमीबी केला, त्यानं एकट्यानं न्हाई. जेलातनं सुटून आलात तवा मी बारा वर्षांची होते. तवाच दोन शब्द बोलला असतात तर मी इतकी वर्षं खोट्या माणसावर थुंकले नसते. तुमाला वाटतं तुमी जळालात. मी तर कुणावर जळायचं तेबी चुकले. कशापायी गप बसलात इतकी वर्षं? त्याचं पत्र मिळालं म्हणून तोंड उघडलं, न्हाईतर तसेच मेला असतात.

पत्रानं खरं बोलणं सोपं असतंय. त्यालाबी जमलं.

गाडी अजून तिथंच हाय. संघाचा माणूस न्यायाला आला तर आमी बसून राहतो. रोज दुपारी भाकरी तिच्याच सावलीला खातो. तुमी सोता या. संघाच्या फाटकाबाहेर हाय ती, तुमची आण मोडत न्हाई. मागनं फिरून या, डिकीवर दोन थापा मारा, अन् सगळ्यांच्या म्होरं तोंडानं सांगा काय झालं अन् तुमी काय केलं. मंग आमी उठू. तोवर न्हाई.

सुंदरबाईची लेक


शिरूर कासार
७ एप्रिल १९८७

मालन,

हे कार्ड पोचायच्या आधी मीच पोचंन. उद्या पहिल्या एस.टी.नं निघतो. तरी लिहितो, कारण निघायचं म्हणून कागदावर आलं की परत फिरता येत न्हाई.

तू लिहिलंस त्यातला एक शब्द खोटा न्हाई. आप्पारावचा राग चौदा वर्षं मला पुरला, म्हणून मी माझ्याकडं बघितलंच न्हाई.

हत्यारांची पिशवी घेत न्हाई. डिकीवर थापा कशा मारायच्या ते हाताला अजून याद हाय. पुढचं तोंडाला जमतंय का ते तुमी चाळीस जणी बघा.

धोंडीराम